जुनी गाडी सारखी बंद पडते? पार्ट बदलायच्या आधी हे बघा

आमच्या घरी अण्णांची २००४ ची शंभर सीसीची गाडी आहे. अजून चालते, अजून बरं ॲव्हरेज देते, पण मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर तिला एक खोड लागली. घरातून निघताना झकास, गावात दिवसभर फिरवा काही नाही, पण साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढायला लागलं की अर्ध्यात आचके देऊन बंद. मग दहा-पंधरा मिनिटं कडेला उभं राहायचं, येणारे-जाणारे विचारणार पेट्रोल संपलं का, आपण नाही म्हणायचं, आणि मग एका किकमध्ये अशी सुरू होणार की जसं काही झालंच नव्हतं.

मिस्त्रीने आधी प्लग बदलला, मग कॉइल, मग सीडीआय म्हणजे ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा डबा, आणि शेवटी म्हणाला कार्बोरेटरच नवा टाकू. तिथे मी थांबलो कारण तोपर्यंत गाडीच्या किमतीएवढे नाही पण बरेच पैसे गेले होते आणि गाडी त्याच वळणावर बंद पडत होती. शेवटी कारण निघालं पेट्रोलच्या टाकीचं झाकण. त्याचं पुढे सांगतो, पण त्या दोन महिन्यांत जे शिकलो ते असं, की गाडी बंद पडते एवढं सांगून कुणालाच काही कळत नाही, ती कधी बंद पडते ते सांगावं लागतं. तेवढं नीट पाहिलं तर अर्धं काम तिथेच होतं.

हे सगळं कार्बोरेटरवाल्या गाड्यांचं आहे बरं का, म्हणजे जुनी स्प्लेंडर, पॅशन, सीडी हंड्रेड, किंवा बाकी कंपन्यांच्या त्याच काळातल्या गाड्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स, म्हणजे धुराचे कडक नियम, आलं तेव्हापासूनच्या गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या, त्यांचं तंत्र वेगळं.

तर आधी चार दिवस काहीही खोलू नका. मोबाईलमध्ये नोंद करा, गाडी बंद पडली तेव्हा इंजिन थंड होतं की गरम, किती वेळ चालवली होती, सिग्नलला उभी असताना पडली की पळताना, पाऊस होता का, टाकी भरलेली होती की रिझर्व्हला, हँडल वळवलेलं होतं का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंद पडताना कशी पडली. हा फरक कान देऊन ऐका. पेट्रोल कमी पडून बंद पडणारी गाडी आधी दम सोडते, आचके देते, ॲक्सिलरेटर पिळला तरी उचलत नाही, मग पडते. करंट म्हणजे प्लगची ठिणगी गेली की कुणी चावी बंद केल्यासारखी एकदम गप्प होते, किंवा मिसिंग मारत मारत सायलेन्सरमधून फटाके फोडते. शंभर टक्के नियम नाही हा, पण दहात आठ वेळा बरोबर निघतो.

चालवून चालवून बंद पडते, थोडं थांबलं की सुरू होते

आमची केस हीच, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात कारण दोन अगदी वेगळे बिघाड एकसारखे दिसतात. एक म्हणजे टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजणं. दुसरा म्हणजे कॉइल गरम होऊन मरणं. दोन्हीत गाडी पंधरा-वीस मिनिटं चालते, बंद पडते, थांबलं की परत सुरू.

झाकणाचं असं आहे, टाकीतून पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला पाहिजे, त्यासाठी झाकणात बारीक वाट ठेवलेली असते. ती धुळीने, वॉशिंगच्या चिखलाने, गंजाने बुजली की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायचं हळूहळू थांबतं. पाण्याच्या बाटलीला तोंड लावून न सोडता पीत राहिलं की बाटली आत चेपते ना, तेच. थांबल्यावर हवा कुठून ना कुठून झिरपते म्हणून परत चालते. टाकी फुल केली की हा त्रास सहसा लवकर होतो, कारण वर हवेला जागाच कमी असते, आणि चढाला इंजिन पेट्रोल जास्त ओढतं म्हणून घाटात जास्त. आमच्याकडे तर अण्णांनी टाकीचा रंग जाऊ नये म्हणून रेक्झिनचं कव्हर घातलेलं, त्याची झडप झाकणावर गच्च बसायची, भोकात आधीच धूळ आणि वरून ही झडप. म्हणजे रंग वाचला, गाडी मेली.

तपासायचं कसं, तर गाडी बंद पडली की लगेच, थांबायचं नाही, झाकण उघडा. सुस्स असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि झाकण उघडं ठेवून एक-दोन मिनिटात, खाली कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उतरलं की किक मारल्यावर सुरू झाली तर मिळालं. उन्हात उलटा प्रकार पण होतो, आत वाफ साठून उघडताना फुस्स करून बाहेर येते, ते वेगळं, त्याला फसू नका. खात्रीसाठी झाकण नुसतं टेकवून, लॉक न करता, जवळच्या सरळ रस्त्यावर अर्धा किलोमीटर सावकाश चालवून बघता येतं, पण घाटात आणि पावसात ते करू नका, पेट्रोल हिंदकळून मांडीवर येतं. झाकण साफ करायला कंप्रेसरची हवा दोन्ही बाजूंनी मारा, रॉकेलमध्ये बुडवून ब्रश करा. आतलं रबर कडक झालं असेल किंवा वाट मोकळीच होत नसेल तर झाकण बदला. बाजारातलं स्वस्तातलं झाकण घेणार असाल तर दुकानातच त्याला तोंड लावून हवा जाते का बघा. दुकानदार हसेल, हसू दे.

आता कॉइलचं. तांब्याची तार कुठेतरी आत तुटत आलेली असते, थंड असताना टेकलेली राहते आणि गरम झाली की सुटते. ही पिकअप कॉइल असू शकते, मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या चुंबकाच्या, आतली कॉइल असू शकते, किंवा वरची इग्निशन कॉइल. इथे झाकण उघडून काही फरक पडत नाही, इंजिन थंड झाल्याशिवाय सुरूच होत नाही. म्हणून बंद पडल्या पडल्या करंट बघायचा. त्यासाठी डिकीत प्लगचा पाना आणि एक जुना पण चालू प्लग ठेवा. प्लग कॅप काढून हा जादा प्लग त्यात बसवा, त्याचं लोखंडी अंग इंजिनच्या पत्र्याला म्हणजे फिन्सना टेकवा आणि किक मारा. इंजिनातला प्लग आहे तिथेच राहू द्या, नाहीतर उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि समोर ठिणगी. प्लग हाताने धरू नका, झटका सणसणीत बसतो, मी खाल्लाय. निळी, कडक, चट चट वाजणारी ठिणगी पाहिजे. पिवळी, मरगळलेली किंवा काहीच नाही तर करंटचा प्रॉब्लेम, आणि ठिणगी झकास असून गाडी सुरू होत नाही तर पेट्रोलकडे जा. रस्त्याच्या कडेला दोन मिनिटात होणारी ही एक तपासणी मी आधीच केली असती तर आमची जुनी कॉइल आणि सीडीआय भंगारात गेले नसते.

करंट नाही असं दिसलं तरी लगेच सीडीआय विकत घेऊ नका. त्याच मॉडेलची गाडी मित्राकडे असेल तर त्याचा सीडीआय एक दिवस लावून बघा, एक कनेक्टर काढायचा आणि लावायचा एवढंच काम आहे. आधी कनेक्टर बघा, हिरवा गंज चढलेला असतो. आणि चावीचं स्विच बघा. या जुन्या शंभर सीसी गाड्यांत इग्निशन मॅग्नेटवर चालतं, बॅटरी मेली तरी किकने सुरू होतात, आणि चावी बंद केली की एक वायर अर्थ होऊन करंट मारला जातो. होंडा पद्धतीच्या गाड्यांत ती बहुतेक काळी, तिच्यावर पांढरा पट्टा. हेडलाईटच्या मागे ही वायर घासून उघडी पडली की हँडल वळवताना बॉडीला टेकते आणि गाडी बंद. उभ्या गाडीवर इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे करा, मधूनच बंद पडली तर वायर शोधा, चिकटपट्टीचं काम आहे फक्त. बॅटरीवर इग्निशन चालणाऱ्या गाड्या पण आहेत, त्यांना बॅटरीची टर्मिनल आणि फ्यूज आधी बघायचे, ढिल्या टर्मिनलमुळे खड्ड्यात गाडी बंद पडते आणि लोक इंजिन खोलून बसतात. जुन्या बुलेटला सीडीआय नाही, पॉइंट आहेत, ते जळून खड्डे पडले की हाच तमाशा.

सिग्नलला उभी राहिली की बंद

हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. पळताना ठीक, ॲक्सिलरेटर सोडला की पडते, चोक अर्धा ओढला की राहते. चोक ओढल्यावर राहते याचा अर्थ हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, आणि आयडलिंगला पेट्रोल येतं स्लो जेटमधून, ज्याचं भोक केसाएवढं. त्यात कचरा अडकलाय.

आधी स्लोचा स्क्रू, म्हणजे आयडलिंग कमी-जास्त करायचा, थोडा आवळून बघा, कधीकधी तेवढंच असतं. स्प्लेंडर जातीच्या इंजिनाला आयडलिंग साधारण १४०० आरपीएम पाहिजे, या गाड्यांना आरपीएम मीटर नसतो म्हणून कानाने. लोक पेट्रोल वाचवायला टक... टक... टक असं मोजून ठोके पडतील एवढं कमी ठेवतात, मग गरम झाल्यावर नाहीतर हेडलाईट लावल्यावर बंद पडणारच.

त्याने नाही झालं तर कार्बोरेटर. पूर्ण काढायच्या आधी पेट्रोलचा कॉक बंद करून खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू ढिला करा आणि निघालेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. पाच मिनिटं ठेवा. तळाला वेगळा गोळा किंवा थर दिसला तर पाणी, तांबडी पूड दिसली तर टाकीचा गंज. नुसतं एवढं ड्रेन केल्यावर गाडी बरी झालेली मी बऱ्याचदा पाहिली आहे. कारण पावसाळ्यात झाकणाच्या कडेने पाणी जातंच, आणि २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं, इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. रिझर्व्हला टाकलं की कॉक पेट्रोल घेणार तळातूनच! म्हणून रिझर्व्हला गाडी बंद पडते आणि मेनला चालते असं असेल तर कार्बोरेटर नाही, टाकी धुवायला झाली आहे. दोन-दोन महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला हे जास्त.

कार्बोरेटर उघडणार असाल तर एक गोष्ट विसरू नका, एअर स्क्रू काढायच्या आधी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवा आणि किती फेरे झाले ते मोजून लिहा. दीड म्हणजे दीड, पावणेदोन म्हणजे पावणेदोन, परत तसाच लावायचा. जोर लावून आवळला तर टोक खराब होतं. जेट बाहेर काढून उजेडाकडे धरा, भोकातून गोल उजेड दिसला पाहिजे. साफ करायला कार्ब क्लीनर आणि हवा. क्लचच्या वायरचा धागा किंवा सुई घालून खरवडायची पद्धत गॅरेजात सर्रास आहे, पण जेट पितळेचा आणि वायर पोलादी, भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल प्यायला लागते. प्लॅस्टिकच्या ब्रशचा एक केस घ्या. फ्लोटची निडल, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी सुई, बघा, टोकावर खाच पडली असेल तर पेट्रोल थांबत नाही, खालच्या नळीतून टपकतं, गाडी ओव्हर होते आणि प्लग ओला काळा येतो.

हे सगळं करून पण आयडलिंग आपोआप वरखाली होत असेल, कधी रेस चढते, कधी पडते, तर गाडी चोरून हवा घेतेय. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला जोड, त्यातला ओ-रिंग चपटा होतो. इंजिन चालू ठेवून त्या जोडावर साबणाच्या पाण्याचा फवारा मारा, आवाज बदलला की तिथूनच. काही जण पेट्रोल शिंपडून बघतात, ते अजिबात करू नका, खाली सायलेन्सर तापलेला असतो. ओ-रिंग स्वस्त, काम अर्ध्या तासाचं.

एअर फिल्टर फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुवून, पिळून, वाळवून हलकं ऑइल लावून बसवा. कागदी असेल तर झटकून बघा, फार काळा असेल तर बदला, धुवू नका.

पावसातच बंद पडते

प्लग कॅप आणि जाड काळी वायर. रबर तडकलेलं असतं, पाणी शिरलं की करंट प्लगपर्यंत पोचायच्या आधीच इंजिनला उडी मारतो. रात्री अंधारात गाडी चालू ठेवून त्या वायरवर पाण्याचा फवारा मारा, गळती असेल तर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात, बघायला छान वाटतं, गाडी आपली नसती तर. कॅप बदला. वायरचं टोक काळं पडलं असेल तर अर्धा सेंटीमीटर कापून नवीन टोकावर कॅप पिळून बसवा.

प्लग काढलाच आहे तर त्याचा रंग बघा. विटकरी-तपकिरी म्हणजे बरं चाललंय. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा फिल्टर चोंदलाय, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा चोरतेय, तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल जाळतेय आणि त्याला प्लग काय करणार. गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर. लावताना आधी हाताने फिरवा, पाना शेवटी, हेडचे आटे ॲल्युमिनियमचे असतात, एकदा गेले की खर्च मोठा.

गरम झाल्यावर आयडलिंगला बंद, आणि किकही हलकी लागते

इथे टॅपेट बघायचे, म्हणजे वॉल्व्हच्या डोक्यावरचं बारीक अंतर. टॅपेट फार आवळलेले असतील तर इंजिन तापल्यावर वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं. गंमत अशी की अशी गाडी आवाज करत नाही, उलट जास्तच गुळगुळीत चालते, म्हणून कुणाला संशय येत नाही. टॅपेटचा आवाज येतो म्हणून मिस्त्रीकडून गच्च आवळून आणले आणि मग गाडी बंद पडायला लागली, असं असेल तर हेच. स्प्लेंडरच्या ९७.२ सीसी इंजिनाला इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हीला ०.०५ मिलिमीटर, तेही इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळी पहिली किक मारायच्या आधी. मॅग्नेटवरची टी खूण जुळवायची आणि दोन्ही टॅपेट बोटाने हलतायत का बघायचं, हलत नसतील तर अजून एक पूर्ण फेरा. फिलर गेज म्हणजे अंतर मोजायच्या पातळ पट्ट्या नसतील तर अंदाजाने करू नका, ०.०५ म्हणजे साध्या कागदाच्या निम्म्या जाडीएवढं अंतर, बोटाला कळत नाही.

गाडी बरेच दिवस उभी असेल तर सायलेन्सरच्या तोंडात आणि टाकीच्या, कार्बोरेटरच्या बारीक नळ्यांमध्ये बॅटरी मारून बघा. कुंभारीण माशी मातीचं घर करते तिथे. माझ्या मामांच्या गाडीत निघालं होतं, आणि त्यांनी त्याआधी देव पण बघून घेतला होता.

दोन गोष्टी जपा. पेट्रोलचं काम बंद खोलीत नको, इंजिन गार झाल्यावरच, आणि शेजारी बिडी ओढत उभा राहून सल्ला देणारा एक असतोच, त्याला आधी लांब पाठवा. आणि घाटात गाडी बंद पडली तर क्लच दाबून रस्त्याच्या डाव्या कडेला, वळण सोडून थांबवा, वळणावर किक मारत बसू नका.

एवढं करून नाही जमलं तर मिस्त्रीकडे जाताच, पण जाताना ती नोंद घेऊन जा. "बंद पडते हो" असं न सांगता "वीस मिनिटं चालल्यावर पडते, लगेच ठिणगी बघितली तर निळी आहे, झाकण उघडून फरक नाही, चोकवर राहते" असं सांगा. चांगला मिस्त्री एवढं ऐकून थेट त्या जागी हात घालतो. आणि जो न ऐकता कार्बोरेटर नवीन टाकू म्हणतो, त्याला जुने काढलेले पार्ट परत मागा, आमचे मागितले नव्हते म्हणून आज कळत पण नाही की त्यातलं खराब नक्की काही होतं की नाही. कव्हरची झडप मी ब्लेडने कापून टाकली, गाडी त्या दिवसापासून घाटात एकदाही थांबली नाही, आणि चांगल्या कव्हरची वाट लावली म्हणून अण्णा अजून ऐकवतात.